राखाडी धाग्याखाली काप

व्रान्येश, २२ मे २००४

वेलिसाव,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

तू फोन मध्येच ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागदही मध्येच ठेवता येतो म्हणा, पण तो टेबलावर पडून राहतो आणि तुझी गोर्दाना तो वाचते. भावाने नाही ऐकलं तरी भावजय ऐकेल.

परवा मिरवणूक झाली. क्रूस पुढे, निशाणं मागे, फादर तादेय घामाघूम. सगळ्या दारांशी थांबली आणि माझ्या दारावरून नेहमीसारखी चालत गेली. तेरा वर्षं झाली, मला आता पायांचा आवाज पाठ आहे. माझ्या फाटकाशी आला की तो जरा भरभर होतो. असो. तो विषय आज काढत नाही.

मंडळी जेवायला बसल्यावर मी तुझं रोप बघायला गेले. 'तुझं' म्हणते, कारण कुंपणावरच्या पाटीवर तुझं नाव आहे, आणि ते देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. जुना झापिस, क्रूस कोरलेला आपल्या गावाचा राखणदार ओक, वादळात पडला तेव्हा त्याच्या बुंध्याशी उगवलेलं हे एवढंसं ओकाचं रोप फादरांनी तेल लावून गावाचा नवा झापिस ठरवलं. बरोबरच केलं. झापिसाशिवाय गाव म्हणजे छपराशिवाय घर. गारा आल्या की आलुबुखार कुणाच्या भरवशावर सोडायचे? पण तू व्हिएन्नात बसून, पैसे पाठवून त्याला छातीएवढ्या फळ्यांचं कुंपण घातलंस. वारा आत जाईना. मग हुकूम सोडलास, मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक घराने एकेक बादली लेंडीखत वाहावं. गावात एक्केचाळीस घरं. एक रोप, उंची माझ्या कमरेइतकी, आणि एक्केचाळीस बादल्या. बायकांनी फुलं वाहावी तसं खत वाहिलं रे.

शेंड्याच्या कोवळ्या पानांवर मला पांढरे ठिपके दिसले. मिलुन म्हणाला, रस्त्याची धूळ असेल. कुंपणाच्या आत रस्त्याची धूळ जाते आणि वारा जात नाही, हे तुझ्या त्या राखणदारालाच सुचू जाणे.

खत थांबव. फळ्या काढ. एवढंच सांगायचं होतं.

क्रूनिया

---

२८ जून

वेलिसाव,

तुझं पत्र मिळालं. एका पानात 'नजर' हा शब्द तू चार वेळा लिहिलास. माझी नजर लागली म्हणून ओक पांढरा पडला म्हणतोस. माझी नजर एवढी कामाची असती तर तुझं नाक कधीच गळून पडलं असतं.

आता नीट वाच. ती धूळ नव्हे, उदबत्तीची राख नव्हे, आणि फादर म्हणाले तसं कुणी पीठही उधळलेलं नाही. ती भुरी आहे. आपल्या द्राक्षांवर येते तीच जात, फक्त ही ओकावरची, द्राक्षावर जात नाही. कशी ओळखायची ते सांगते, म्हणजे पुन्हा कुणा म्हातारीवर नजरेचा आळ घ्यायच्या आधी डोळे उघडशील. धूळ फुंकरीने उडते, ही उडत नाही. बोटाने घासली तर पुसली जाते, आणि खाली पान तपकिरी पडलेलं दिसतं. आधी नाण्याएवढे ठिपके, मग पान अख्खं पांढरं, मग कडा वर वळतात आणि पान द्रोणासारखं होतं. जुन्या जाड पानाला ती फारसं काही करत नाही. तिला कोवळं लागतं. मोठा ओक ती अंगावर वागवतो आणि शंभर वर्षं जगतो. रोपाची गोष्ट वेगळी. रोपाकडे अंगावर वागवायला अंगच नसतं.

आणि तुमच्या बादल्यांनी काय केलं ठाऊक आहे? मे महिन्यात पालवी फुटून झाडाने थांबायचं असतं. तुमच्या खताने त्याला थांबूच दिलं नाही. सेंट जॉनच्या दिवसाआधीच दुसरी पालवी, लुसलुशीत, बाळाच्या कानासारखी. भुरीला पंगत मांडून दिलीत. वर मिलुन रोज संध्याकाळी पाइपने त्याला डोक्यावरून अंघोळ घालतो, आणि फळ्यांच्या आत ती ओल कोंडून राहते. अति तेथे माती म्हणतात, इथे तर अक्षरशः मातीच झाली.

हे मला कुणी शिकवलं, असं कुत्सितपणे विचारतोस. कुणी नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती तुला सांभाळायला सुटली, आठवत असेल तर. पण पन्नास वर्षं द्राक्षाच्या बारा ओळी माझ्या हाताखाली आहेत, आणि माझ्या नवऱ्याचं, ओब्रादचं, भिंग अजून माझ्या खिशात आहे.

झापिसाला बाईने हात लावू नये म्हणतोस, म्हणून मिलुनला सकाळी पहाऱ्यावर बसवलंस. बसव. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तुझी जुनी खोड आहे. भुरीला मात्र मिलुन दिसत नाही, आणि मिलुनला भुरी दिसत नाही. दोघांचं छान जमलंय.

क्रू.

---

३ ऑगस्ट

वेलिसाव,

झाडाची पानं करपली ही बातमी तुला माझ्याआधी मिलुनने पोचवली असणार. हो, करपली. वरची निम्मी. उन्हाळा फार आहे, काल सेंट इलियाच्या दिवशी कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून बसल्या होत्या. उन्हाने काहीही करपतं.

तू लिहितोस, 'ताई, तू त्यावर काहीतरी ओतलंस.' तेरा वर्षांनी 'ताई' लिहिलंस आणि तेही आळ घ्यायला.

मी काही ओतलेलं नाही. ओतणं म्हणजे बादलीने ओततात ते. ते तुमचं गाव करतं.

फळ्यांमधल्या दोन मिलुनने काढल्या म्हणे, तुझ्या परवानगीने. दोन! माणसाचं नाक दाबून धरायचं आणि म्हणायचं, घे, एक नाकपुडी सोडली.

क्रू.

---

२१ सप्टेंबर

वेलिसाव,

हे पत्र मोठं आहे. बसून वाच.

आधी माझी चूक, म्हणजे मग तुझ्या मोजायला मी मोकळी. जुलैत रोपावर गंधक मी फवारलं. भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक हेच औषध. पहिला ठिपका दिसताच मारायचं, दहा-बारा दिवसांनी परत मारायचं, आणि मारायचं ते पहाटे, दव सुकता सुकता, हवा थंड असताना. कडक उन्हात मारलं तर गंधक पानच भाजतं. हे मला माहीत आहे, पन्नास वर्षं माहीत आहे. पण पहाटेपासून तिथे तुझा मिलुन स्टूल टाकून बसायचा. उठायचा तो जेवायला, भर दुपारी. मी त्याचं जेवण गाठलं. अर्ध्या तासात पंप पाठीवर घेऊन गेले, फवारलं, आले. त्या दिवशी सावलीत छत्तीस होतं. हात चालत होते आणि मन सांगत होतं, क्रूनिया, हे चुकतंय. तरी मारलं. पानं भाजली ती मी भाजली. मागच्या पत्रात उन्हावर ढकललं, कारण तुझ्यासमोर कबूल करायला जीभ वळेना.

पण ऐक, भाजलेली पानं गेली तरी झाड गेलं नाही. खरी अडचण पुढे आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्याने तिसऱ्यांदा पालवी फोडली. अकरा शेंडे, सगळे पांढरे. हे शेंडे लाकूड धरणार नाहीत. काही थंडीत मरतील, आणि जगतील त्यांच्या कळ्यांत बुरशी दडून हिवाळा काढेल. खाली गळलेल्या पानांवर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके भिंगातून दिसतात, तिथेही ती झोपते. वसंतात कळी फुटेल ती पांढरीच फुटेल. असे दोन हिवाळे, की रोप संपलं. शेंडे कापायचे, पानं झाडून जाळायची, तर ते वाचेल. दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

आता तू म्हणशील, झापिसावर लोखंड? त्याची गळलेली काटकीही चुलीत घालत नाहीत! माहीत आहे मला. मी त्याच मातीत वाढले, व्हिएन्नात नाही. म्हणून फादर तादेयांकडे गेले. त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, म्हणाले, धर्मात असं कुठे लिहिलेलं नाही, क्रूनिया, आजारी फांदी काढण्यात पाप नाही. मी म्हटलं, मग चला, कात्री मी आणलीय. तर म्हणतात, मला तीन मुली आहेत.

मिलुनला विचारलं. त्याची गाय गाभण आहे.

सगळ्यांना मनातून एकच गोष्ट आठवते. तीच तुलाही आठवते. तेव्हा आता काढतेच तो विषय.

ओब्रादने जुन्या झापिसाची फांदी कापली ती शाळेच्या विजेच्या तारेवर झुकली होती म्हणून. ठिणग्या पडत होत्या. पंचायतीने सभा घेतली, सगळे बोलले, करवत कुणी उचलेना. त्याने उचलली. अकरा महिन्यांनी तो गेला. तीस वर्षं चुन्याच्या भट्टीवर काढलेला माणूस, फुप्फुसांत चुना भरलेला, डॉक्टरांनी दोन वर्षं आधी सांगून ठेवलेलं. आणि त्याच्या दिवसांच्या जेवणाला, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातची भाकरी मोडत तू म्हणालास, 'झापिसावर करवत उचलली, त्याने स्वतःच ओढवून घेतलं.' मोठ्याने म्हणालास. टेबलाच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून मिरवणूक माझ्या दाराशी थांबत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव या गावात शाप म्हणून घेतात, आणि तो शाप गावाने नाही, तू लिहिलास.

मी स्वतः का कापत नाही? कापलं असतं, आणि तुला कळवलंही नसतं. पण मी कापलं तर म्हणतील, त्याच घरातला दुसरा हात. आणि मी त्र्याहत्तर वर्षांची. उद्या मेले तर म्हणतील, बघा, खाल्लं झापिसाने. म्हातारीच्या मरणाने काहीच सिद्ध होत नाही. तू त्रेसष्टचा आहेस, गोळी घेत नाहीस, जिने चढतोस, पाटीवर तुझं नाव आहे. तू ये. तू काप.

तू जे बोललास त्यावर तुझा विश्वास असेल, तर येऊ नकोस. घरी बस आणि रोप मरू दे. नसेल, तर ज्याच्यावर तू ते लादलंस त्याचं तू देणं लागतोस. मधला रस्ता नाही. फोन ठेवून देण्याचा तर अजिबात नाही.

कापायचं कुठे ते खुणेने ठेवलंय. पानं गळल्यावर आजारी शेंडा ओळखू येणार नाही, म्हणून पांढरं संपतं तिथून दोन बोटं खाली राखाडी लोकरीचा धागा बांधलाय. धागा बांधणं म्हणजे कापणं नव्हे, हे फादरांनी तत्परतेने मान्य केलं. एक घोटाळा झाला. मी बांधत असताना शेजारच्या स्टामेनाने पाहिलं. तिला वाटलं मी नवस बोलतेय, तर तिने नातवासाठी एक बांधला, मग बाकीच्या आल्या. आता रोप लग्नाच्या नवरीसारखं दिसतं. तरी बायकांचे धागे लाल आहेत. तू राखाडी धाग्याखाली काप. लालला हात लावू नकोस.

क्रूनिया

---

९ नोव्हेंबर

वेलिसाव,

आलास. कळवलं नाहीस, शनिवारी पितरांच्या दिवशी, गाव थडग्यांवर उकडलेले गहू घेऊन जात असताना बसमधून उतरलास. मी दार उघडलं तर तू कात्रीचं विचारलंस. 'कशी आहेस' नाही, 'आत येऊ का' नाही. कात्री. मीही दिली. त्यामुळे जे तोंडाने बोलायचं राहिलं ते लिहिते.

स्मशानातून परतणारे सगळे कुंपणाशी थांबले होते आणि कुणी टोपी काढली होती, कुणी क्रूस करत होतं, जणू फाशी बघायला आलेत. पहिला शेंडा धरून तू मला विचारलंस, 'इथून?' मी म्हटलं, 'अजून दोन बोटं खाली.' जन्मभरात तू माझं एवढं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतंस. अकराच्या अकरा कापलेस. बारावाही कापलास. तो स्टामेनाचा लाल होता. ती अजून माझ्याशी बोलत नाही, नातवाला सर्दी झाली तर तुझ्या नावावर घालणार आहे. तिला दुसरा धागा नेऊन दिलाय, राखाडी, माझ्याकडे तोच आहे.

पानं मी झाडली, सगळी, फळीच्या फटीतलीही. शेंड्यांसकट जाळली. मिलुनने काडी ओढली, मान दुसरीकडे वळवून. उरलेल्या फळ्या त्यानेच काढल्या, तुझी परवानगी न विचारता. पाटीही उतरवली. माझ्या गोठ्यात आहे, उलटी.

तू ओब्रादच्या थडग्याशी गेलास. वर दारू ओतलीस, आपली राकिया. मी फाटकापाशी उभी होते, आत आले नाही. परत येताना माझ्याकडे न बघता म्हणालास, 'तेव्हा मी प्यायलो होतो.'

नव्हतास. त्या दिवशी पेले मी भरत होते. तू दोन घेतलेस, दोन्ही लहान, आणि दुसरा अर्धा टाकलास. शुद्धीत होतास. माझ्या तोंडावर खोटं बोलायला तू अठराशे किलोमीटर जाऊन येऊन केलेस, आणि मी तुला शिदोरीला चीज आणि मिरच्यांचं लोणचं बांधून दिलं. कोण मूर्ख, ठरव.

ओब्रादबद्दल बोललास ते खोटं होतं, असं तू एकदा तरी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. कुंपणाशी अख्खं गाव उभं होतं. एवढा आयता श्रोता तुला परत मिळणार नाही.

क्रू.

ता. क. घरी पोचल्याचं गोर्दानाने कळवलं. तुला खोकला आहे म्हणाली. कसला खोकला? कोरडा की ओला?

---

१० जून २००५

वेलिसाव,

काल मिरवणूक झाली. रोपाची हकीकत आधी, कारण तू तीच विचारतोस.

एप्रिलअखेर कळ्या फुटल्या. मी रोज भिंग घेऊन. हिरव्या, तुकतुकीत, एकही द्रोण नाही. खत कुणी आणलं नाही. फादरांनी सांगितलं, यंदा प्रत्येक घराने एकेक प्रार्थना वाहावी, तिचा रोपाला अपाय होत नाही. मे महिन्याच्या मध्यावर एका शेंड्याला दोन पानं पांढरी दिसली. मी काही म्हणायच्या आत मिलुनने खिशातला चाकू काढला आणि शेंडा उडवला. मग स्वतःकडेच बघत राहिला, जणू हात दुसऱ्याचा होता. त्याची गाय ठीक आहे, कालवड झाली. गंधक आम्ही पहाटे साडेपाचला मारलं. बादली त्याने धरली. दर बारा दिवसांनी मारतोय. वाचेल असं म्हणवत नाही, एका वर्षात ओकाविषयी काही म्हणू नये. पण कोंब वीतभर आलाय आणि देठ लाल होऊन कडक व्हायला लागलाय.

मिरवणुकीचं. मी स्वयंपाकघरात होते. पावलांचा आवाज फाटकाशी आला आणि भरभर झाला नाही. हळू झाला. मग थांबला. मी लगेच बाहेर गेले नाही. भांडं घासत होते, ते पूर्ण घासलं. चौदा वर्षं मी थांबले, त्यांना एक भांडं थांबता आलं पाहिजे. मग गेले. फादरांनी दाराच्या चौकटीवर पाणी शिंपडलं, आणि घरातल्या गेलेल्यांची नावं वाचली. ओब्रादचं वाचलं, साधं, बाकीच्यांसारखं. स्टामेनाही होती. नातू धडधाकट आहे, गाजर खात होता.

हे तुझ्यामुळे झालं असं गाव म्हणतं. तू कापलंस आणि तू जिवंत आहेस, म्हणून. म्हणजे झापिस शेंडे कापणाऱ्याला खात नाही, म्हणजे ओब्रादला चुन्यानेच नेलं. मी तेरा वर्षं घसा कोरडा करून सांगितलं तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, आणि तुझ्या एका कात्रीने शिरलं. राग येतो, पण असू दे.

तू प्यायलेला नव्हतास, हे अजून लिहून आलेलं नाही. मी वाट बघतेय. तेवढं वाक्य येईपर्यंत वर 'प्रिय' येणार नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. मिलुन परवा कुजबुजत होता, ओब्रादला अकरा महिने लागले होते, वेलिसावचे आत्ता कुठे सातच झालेत. बाकीच्यांनी माना हलवल्या. अजून मोजतायत रे सगळे. म्हणजे सहा ऑक्टोबरपर्यंत. गोर्दाना म्हणते तू डॉक्टरकडे जात नाहीस, खोकला हिवाळ्यापासून आहे, आणि छतावर चढून अँटेना नीट करतोस. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. शिडीला हात लावू नकोस. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ. सहा ऑक्टोबरच्या आत तू मेलास, वेलिसाव, तर तुझंच खरं ठरेल. आणि ते मी तुला करू देणार नाही.

तुझी मोठी बहीण,
क्रूनिया